कीबोर्डची साथ डाव्या हाताच्या हुकमात कशी ठेवायची

गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात हल्ली एकटा माणूस कीबोर्ड घेऊन बसतो आणि ढोलकी, बेस गिटार, व्हायोलिनचा ताफा, मधूनच बासरीचा तुकडा असं सगळं ऐकू येतं. समोर बसलेल्यांत दोन तट पडतात. एकांना वाटतं, मागे कॅरिओके लावलेला आहे आणि हा वरून नुसती बोटं फिरवतोय. दुसऱ्यांना वाटतं, आता एआय आलंय, यंत्र आपोआप वाजवतं. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांचा तोटा होतो तो हौसेने कीबोर्ड घेतलेल्या घरांना. पहिल्या संध्याकाळी स्टार्टचं बटण दाबून सगळे ऱ्हिदम ऐकून होतात, आणि पुढे ते वाद्य पेटीसारखं एका हाताने वाजत राहतं. डावीकडच्या बटणांच्या रांगेला कुणी हात लावत नाही.

त्या रांगेचं काम एकदा कळलं की कीबोर्ड निराळाच वाटू लागतो. गाण्याचा पुढचा कॉर्ड कोणता, मुखडा संपला की अजून एक आवर्तन आहे, आता थांबायचं का, यातलं काहीही कीबोर्डला ठाऊक नसतं. तो सतत तुमच्या डाव्या हाताकडे विचारणा करत असतो आणि हाताने जे सांगितलं तेच वाजवतो.

ऱ्हिदम वेगळा, स्टाइल वेगळी

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक सूर म्हणजे कॉर्ड. पांढरी एक (म्हणजे सी ही पट्टी) हा सा धरला तर सा, ग, प मिळून सी मेजर कॉर्ड होतो. ग कोमल केला की तोच सी मायनर. सी मेजरला कोमल नी जोडला की सी सेव्हन्थ. निम्मीअधिक सुगम गाणी वाजवायला एवढे प्रकार पुरतात.

दुसरा शब्द स्टाइल. नुसता ऱ्हिदम म्हणजे ड्रम किंवा तबला. स्टाइल म्हणजे त्या तालासकट अख्खा वाद्यमेळ. स्टार्ट दाबल्यावर फक्त ताल वाजत असेल तर साथीचं बटण बंद आहे असं समजा. यामाहावर त्याला ‘एसीएमपी’ म्हणतात, कॅसिओवर ‘अकम्प’, इतर कंपन्यांत नाव बदलतं. ते सुरू केलं की कीबोर्डचे दोन भाग पडतात: डावीकडचा भाग कॉर्ड सांगायला, उजवीकडचा चाल वाजवायला. दोन्हींमधल्या सीमेला स्प्लिट पॉइंट म्हणतात. यामाहाच्या एकसष्ट पट्ट्यांच्या बऱ्याच मॉडेलांवर ही सीमा मुळात डावीकडून एकोणिसाव्या पट्टीवर असते, म्हणजे साधारण दीड सप्तक कॉर्डसाठी. उजव्या हाताला मंद्रातले सूर हवे असतील तर सीमा खाली सरकवता येते. चाल वाजवता वाजवता अचानक कॉर्ड भलतीकडे गेला, तर बहुतेक वेळा उजव्या हाताचं बोट सीमा ओलांडून गेलेलं असतं.

आत काय भरलेलं असतं

यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ भाग असतात: तालाचे दोन, बेस, कॉर्डचे दोन, मागे लांब सूर धरून ठेवणारा पॅड, आणि छोटे सुरेल तुकडे वाजवणारे फ्रेजचे दोन. इतर कंपन्यांची विभागणी थोडी वेगळी, पण धाटणी हीच. या भागांचं ध्वनिमुद्रण ठेवलेलं नसतं. कोणती पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोरात, किती वेळ, एवढ्या सूचना लिहून ठेवलेल्या असतात. म्हणून वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही आणि सूर बदलले तरी वाद्य तेच राहतं.

या सूचना सहसा एकाच कॉर्डवर लिहिलेल्या असतात: सी मेजर सेव्हन्थ, म्हणजे सा ग प नी. तुम्ही एफ मेजर दाबला की प्रत्येक भागातले सूर नियमाने उचलून एफवर नेले जातात. सी मायनर दाबला की सगळीकडचे ग कोमल होतात. प्रत्येक भागाचा नियम वेगळा असतो. बेस कॉर्डच्या मूळ सुराबरोबर वरखाली जातो, पण फार वर गेला तर बेस गिटार केविलवाणी वाटेल, म्हणून एका मर्यादेनंतर तो एक सप्तक खाली आणला जातो. कॉर्डचे भाग मात्र जवळच्या जवळ सरकतात, जसा जाणकार पेटीवाला हात न उचलता बोटं बदलतो. तालाच्या भागांना हे नियम लागू नसतात, कारण ड्रमला कॉर्ड नसतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तबल्याच्या बाबतीत तो पुढे आड येणार आहे.

डाव्या हाताने सांगायचं कसं

सगळ्यात सोपी रीत एका बोटाची. यामाहाच्या सिंगल फिंगर पद्धतीत मूळ सूर दाबला की मेजर. त्याच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी सोबत दाबली की मायनर, जवळची पांढरी दाबली की सेव्हन्थ, दोन्ही दाबल्या की मायनर सेव्हन्थ. कॅसिओचं गणित वेगळं आहे: मूळ सुराच्या उजवीकडची कोणतीही एक पट्टी जोडली की मायनर, दोन जोडल्या की सेव्हन्थ, तीन जोडल्या की मायनर सेव्हन्थ. एका कंपनीच्या वाद्यावर शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावर बसला की इथेच गोंधळतो.

दुसरी रीत फिंगर्ड, म्हणजे कॉर्डचे सगळे सूर खरोखर दाबायचे. माझं मत स्पष्ट आहे: मूल शिकत असेल तर सुरुवातीचे काही दिवस सोडून त्याला फिंगर्डवरच ठेवा. एका बोटाच्या संकेतात कानाला कॉर्ड ऐकू येतो, पण हाताला तो कधी कळत नाही, आणि ते संकेत त्या कंपनीच्या वाद्याबाहेर कुठेच कामाला येत नाहीत. फिंगर्डवर बसवलेले कॉर्ड पियानोवर चालतात, पेटीवर चालतात, गिटारवाल्याशी बोलताना चालतात.

फिंगर्डमध्ये कीबोर्ड कॉर्ड ओळखतो, पण काही कॉर्ड जुळे असतात. सा ग प ध हे चार सूर घ्या. पांढरी एकच्या हिशेबाने तो सी सिक्स्थ आहे. तेच चार सूर ध सा ग प असे मांडले की ए मायनर सेव्हन्थ. सूर तेच, नावं दोन. अशा वेळी सर्वांत खालचा सूर बघून निवाडा केला जातो. म्हणून ‘मी बरोबर कॉर्ड दाबला तरी बेस चुकीचा वाजला’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, करंगळी कुठे होती?

वेळेचं भान याहून महत्त्वाचं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कॉर्ड बदलायचा असेल आणि बोटं किंचित उशिरा पडली, तर बेसचा पहिला ठोका जुन्या कॉर्डवर वाजून जातो आणि मग तो घाईने नव्यावर उडी मारतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. डावा हात समेच्या केसभर आधी पडला तर ही अडचण येत नाही. शिवाय बहुतेक कीबोर्ड हात उचलल्यावरही शेवटचा कॉर्ड धरून ठेवतात, त्यामुळे पट्ट्या दाबून बसण्याची गरज नसते. कॉर्ड दाबा, हात उचला, पुढच्या जागेवर जाऊन थांबा.

बटणं म्हणजे कंडक्टरची घंटी

एसटीत गाडी ड्रायव्हर चालवतो, पण ती कधी निघायची आणि कधी थांबायची हे कंडक्टरच्या घंटीवर ठरतं. एक घंटी थांबायला, दोन निघायला. साथीची बटणं ही ती दोरी आहे. वाद्यमेळ आपला धावतच असतो, वळण कुठे हे तुम्ही सांगायचं.

पहिलं बटण सिंक स्टार्ट, आणि आपल्या गाण्यांसाठी हे सगळ्यांत मोलाचं. हे एकदा दाबलं की स्टाइल तयारीत थांबते आणि डाव्या हाताने पहिला कॉर्ड दाबला त्या क्षणी सुरू होते. आता आपल्याकडे कितीतरी गाण्यांचा मुखडा समेच्या आधी उचलला जातो: दोन-तीन मात्रा आधी शब्द सुरू होतात आणि वजनाचा शब्द समेवर येऊन बसतो. स्टार्ट दाबून वाजवायला गेलं तर आधी रिकामं माप (तालाचा एक फेरा, इंग्रजीत बार) मोजत बसावं लागतं. सिंक स्टार्ट लावलं की उजव्या हाताने उठावाचे सूर मोकळेपणाने घ्यायचे (साथ सुरू असताना सिंक स्टार्ट फक्त डाव्या भागाकडे कान देऊन असतं), आणि समेचा शब्द येईल तिथेच डाव्या हाताने कॉर्ड टाकायचा. गाणं आणि ठेका एकत्र उतरतात. फक्त उठावाच्या सुरांची लय आणि कीबोर्डवर लावलेला वेग जुळायला हवा. त्यासाठी आधी टॅप टेम्पोवर चार ठोके देऊन वेग ठरवता येतो, पण काही मॉडेलांवर शेवटच्या ठोक्यालाच स्टाइल सुरू होते, तेवढं बघून घ्या.

इंट्रो आणि एंडिंग यांत स्वतःची छोटी रचना असते, कधीकधी स्वतःचे कॉर्डही. म्हणून इंट्रो चालू असताना गाण्याचा मूळ कॉर्ड धरून ठेवायचा, गाणं मायनरमध्ये असेल तर मायनरच. मध्येच कॉर्ड बदलला तर इंट्रो भरकटतो. मला विचाराल तर मराठी गाण्यांना तयार इंट्रो क्वचितच शोभतो. दोन मापं नुसता ठेका सोडून गायकाला सूर द्या, ते जास्त चांगलं वाटतं.

मेन ए, बी, सी, डी ही एकाच स्टाइलची चढती रूपं. ए मध्ये वाद्यं कमी, डी मध्ये भरगच्च. स्वस्त मॉडेलांत ए आणि बी दोनच असतात. एकातून दुसऱ्यात जाताना फिल-इन वाजतं, म्हणजे तबलजी समेला येण्याआधी घेतो तसा भराव. तो त्या मापाच्या शेवटापर्यंत चालतो आणि पुढच्या समेला नवं रूप सुरू होतं. बटण लवकर दाबलं तर भराव लांबतो, शेवटच्या दोन मात्रांत दाबलं तर छोटा आणि चपखल पडतो. मापाच्या अगदी टोकाला दाबलं तर बऱ्याच कीबोर्डवर भराव पुढच्या मापात ढकलला जातो, आणि अंतरा सुरू झाल्यावर मागून ढोल बडवल्यासारखं होतं. हे बटण वेळेवर दाबण्याचा रियाज वेगळा करावा लागतो, चाल न वाजवता, नुसता ठेका लावून.

केरव्यातलं एक साधं गाणं धरा. मुखडा आठ मापांचा, कॉर्ड सी, एफ, जी, पुन्हा सी. मेन ए लावा, सिंक स्टार्ट दाबा, उठाव उजव्या हाताने, समेला सी. मुखडा दुसऱ्यांदा म्हणतानाही ए वरच राहा. आठव्या मापाच्या शेवटच्या दोन मात्रांत बी दाबा, भराव होईल, अंतरा बी वर सुरू होईल. अंतरा वर चढून पुन्हा मुखड्याकडे वळतो तिथे ब्रेक दाबा: एका मापापुरता वाद्यमेळ जवळजवळ थांबतो आणि मुखड्याचे शब्द उघडे ऐकू येतात. मग ए. शेवटच्या मुखड्यानंतर एंडिंग, आणि ती वाजत असताना यामाहावर तेच बटण पुन्हा दाबलं की लय हळूहळू उतरत जाते. एवढ्या चार-पाच दाबण्यांत अख्खं गाणं उभं राहतं.

पण आपलं संगीत यात बसतं का?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर ‘काही ठिकाणी’ असं आहे. ताल मिळतात. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा नावाच्या शेवटी ‘आयएन’ असलेली कॅसिओची मॉडेलं भारतासाठीच काढलेली आहेत. परदेशी स्टाइलही वापरता येतात: चार-चारच्या मापात केरव्याच्या आठ मात्रा बसतात, सहा-आठमध्ये दादरा. मात्रा बसल्या म्हणजे वजन बसलं असं मात्र होत नाही. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच, पण त्याचा झोका केरव्याहून वेगळा. सात मात्रांच्या रूपकात तर सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, तिथे डग्ग्याचा भार नसतो, आणि परदेशी स्टाइल पहिल्या मात्रेवर बेसचा दणका देते.

खरी अडचण रागाची आहे. यमनात मध्यम तीव्र, आणि एफ मेजर दाबला की त्यात शुद्ध म येतो. भैरवात ऋषभ कोमल, आणि जी मेजरमध्ये प नी रे, तोही शुद्ध रे. भूपात म आणि नी दोन्ही वर्ज्य, पण तुम्ही नुसता सी धरून बसलात तरी फ्रेजच्या भागात नी डोकावू शकतो, कारण मूळ सूचनाच सा ग प नी वर लिहिलेल्या आहेत. अभंग किंवा नाट्यपद वाजवताना ‘काहीतरी सिनेमासारखं वाटतंय’ असं जे होतं त्याचं कारण हे आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते बटणांतच आहेत. फ्रेजचे भाग बंद करा, गरज पडली तर कॉर्डचेही. उरला ताल, बेस आणि पॅड. मग पूर्ण कॉर्डऐवजी फक्त सा आणि प दाबा. अनेक कीबोर्ड हा दोन सुरांचा कॉर्ड ओळखतात आणि साथीतून गंधार काढून टाकतात, म्हणजे ग शुद्ध की कोमल हा प्रश्नच उरत नाही. मालकंसात पंचमही वर्ज्य, तिथे सा आणि वरचा सा. यामाहाच्या वरच्या मॉडेलांवर लगतच्या तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की सगळे सूर गप्प होतात आणि नुसता ताल राहतो, आलापीच्या जागेसाठी हे फार उपयोगी. ज्यांना ही वाट माहीत नसते ते चिडून साथ पूर्ण बंद करतात.

आता तबल्याचा मुद्दा. गायिका म्हणाली, माझी काळी चार, म्हणजे तिचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर. तुम्ही ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वरखाली सरकवण्याची सोय) उणे चार केलं, बोटं पांढरी एकवरच ठेवली, आवाज काळी चारचा आला. काळी पाच असेल तर उणे दोन, काळी एक असेल तर अधिक एक. सोपं काम. पण तालाचे भाग ट्रान्सपोज होत नाहीत, त्यामुळे स्टाइलमधला तबला बहुधा आपल्याच सुरात राहतो. ढोलकीचं हे एक वेळ चालून जातं, पण दायाँची (तबल्याच्या उजव्या हाताच्या, सुरात लावलेल्या भागाची) चाट काळी चारच्या षड्जाशी भांडत असेल तर कान असलेल्या गायकाला ते सहन होत नाही. काही मॉडेलांत तबल्याचा सूर वेगळा लावता येतो. तसं नसेल तर तबल्याचा भाग बंद करून टाळ, खंजिरी किंवा साधा ड्रम असलेली स्टाइल घ्या.

हे एआय आहे का?

नाही. गंमत म्हणजे यामाहाच्या कीबोर्डवर ‘एआय फिंगर्ड’ नावाची कॉर्डपद्धत आजच्या एआयच्या लाटेच्या कितीतरी आधीपासून आहे. तिचं काम इतकंच: तुम्ही तीनपेक्षा कमी सूर दाबलेत तर आधीचा कॉर्ड लक्षात घेऊन आत्ताचा अंदाज बांधायचा. आजची एआय साधनं दोन ओळींच्या सूचनेवरून पूर्ण गाणं बनवून देतात आणि ते झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. कीबोर्डची साथ दर मापाला तुमची वाट बघते. एक कॉर्ड चुकला की सगळ्यांसमोर चुकतो.

मग ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप पेटीनेही सोसला आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) येत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. तरीही आज पेटीशिवाय मराठी भजन कल्पनेत येत नाही, कारण वाजवणाऱ्यांनी तिच्या मर्यादेत काय सुंदर करता येईल ते शोधलं. तयार तालातूनही नवं घडतं. कॅसिओच्या १९८१ च्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात ओकुदा हिरोको यांनी ‘रॉक’ नावाचा एक ऱ्हिदम बांधला होता. १९८५ मध्ये जमैकातल्या कलाकारांनी त्याच ऱ्हिदमवर गाणं केलं आणि तिथल्या रेगे संगीताला डिजिटल वळण लागलं. यंत्र तेच होतं, जे हजारो घरांत नुसतं वाजून बंद होत होतं.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. स्टाइलमधलं सगळं सगळा वेळ चालू ठेवून, डी वर सुरुवात करून डी वरच संपवलं, तर तो वाजवणाऱ्याचा आळस आहे आणि तो लगेच ऐकू येतो.

ढोलकीवाल्याचं काय?

लहान कार्यक्रमांत त्याचं काम या वाद्याने घेतलं, हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून जिथे बजेट दोन माणसांचं आहे तिथे मी आग्रहाने सांगतो, दुसरा माणूस ढोलकीचा किंवा तबल्याचा घ्या. पण तो आला की कीबोर्ड कसा वाजवायचा ते बदलतं. कीबोर्डला तुमचा डावा हात ऐकू येतो, शेजारी बसलेला माणूस ऐकू येत नाही. ढोलकीवाला रंगात येऊन लय किंचित वाढवेल आणि यंत्र ठरल्या वेगाने चालत राहील. नुसते तालाचे भाग बंद करून बेस-पॅड चालू ठेवले तरी हा घोटाळा होतोच, कारण बेस त्याच घड्याळावर चालतो. दोन मार्ग आहेत. एक, ढोलकीवाल्याच्या कानात यंत्राचा हलका ठोका द्यायचा आणि त्याने त्यावर वाजवायचं. ऑर्केस्ट्रात सवय झालेल्यांना हे जमतं. दुसरा, स्टाइल थांबवायची आणि ‘स्टॉप एसीएमपी’सारखी सोय वापरायची: डाव्या हाताचा कॉर्ड आणि बेस वाजतात, पण ठेका सुरू होत नाही. मग लय पूर्णपणे ढोलकीवाल्याच्या हाती. भजनासाठी मी दुसराच मार्ग सुचवेन, कारण भजनात गजर येईपर्यंत लय वाढत जाणं हाच त्यातला आनंद असतो.

एकट्यानेच वाजवायचं असेल तर ती वाढ हातानेच द्यावी लागते. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डवर स्टाइल चालू असताना टॅप टेम्पोवर दोन ठोके दिले की नवा वेग लागू होतो. एकदम उडी न मारता दर आवर्तनाला थोडं थोडं वाढवा, भराव वाजत असताना वाढवलंत तर बदल झाकला जातो. गजराच्या आधी पॅड बंद करा, टाळ वर काढा, आणि शेवटी एंडिंगचं बटण न वापरता समेवर स्टार्ट-स्टॉप दाबून ठेका एकदम तोडा. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) उजव्या हाताने घ्या.